माणशी दोनशे रियाल

माझ्या हातून आजवर जे जे गाढवपणे झाले, त्यांत एक्सेलचा वाटा फार मोठा आहे. कागदावर लिहिताना माणूस निदान खोडतो, अडखळतो. एक्सेलमध्ये आकडे भरले की ते निमूट रांगेत उभे राहतात, खाली बेरीज येते आणि बेरीज आली की आपण बरोबर आहोत असं मला वाटायला लागतं. रियाधमधल्या एका बँकेत मी हेच काम करतो. त्यामुळे बँकेलाही तसंच वाटतं.

आमचं मराठी मंडळ म्हणजे पाटी, नोंदणी, घटना असलं काही नाही. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, कुणाच्या तरी हॉलमध्ये बायकापोरांसह जमायचं, बटाटेवडे खायचे आणि पुढच्या वेळी कुठे जमायचं यावर भांडायचं. पण २००८ साली मंडळाने एक खरोखर चांगलं काम अंगावर घेतलं होतं. शहराबाहेरच्या एका बांधकाम कंपनीने सात महिने पगार दिला नव्हता. मालक, म्हणजे या लोकांचा कफील, फोन उचलत नव्हता. पासपोर्ट त्याच्या कपाटात आणि लेबर कोर्टात तारखांवर तारखा. रत्नागिरी-रायगडकडची अठरा माणसं कंपनीच्या कॅम्पमध्ये अडकून पडली होती. निकाल लागेपर्यंत मंडळ त्यांना माणशी महिना दोनशे रियाल देत होतं.

एप्रिलच्या बैठकीत आमचे अध्यक्ष दौलतराव म्हणाले, "तांदूळ वर्षात जवळजवळ दुप्पट झालाय. दोनशेचे तीनशे करू या." सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव मंजूर होऊन लोक वड्यांकडे वळणार, तेवढ्यात मी लॅपटॉप उघडला.

मी म्हणालो, "मदत भावनेवर नव्हे, आकड्यांवर द्यावी." हे वाक्य मी गाडीतच तयार करून आणलं होतं. मग मी सिद्ध केलं की नीट नियोजन केलं तर एका माणसाचं महिन्याला एकशे सत्याऐंशी रियाल आणि पन्नास हलालांत उत्तम भागतं. उरलेल्या साडेबारा रियालांसाठी मी 'करमणूक' असा एक रकानाही ठेवला होता. हॉलमध्ये शांतता पसरली. ती कौतुकाची आहे असा माझा समज झाला.

"मग आपण राहून दाखवू या ना," मागून आवाज आला. निवेदिता वड्यांची परात घेऊन उभी होती. ही माझी बायको. ती इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांचा धाक तिला मुळीच वाटत नाही. "आपण तिघं. तीन दुणे सहाशे. महिनाभर. भागलं तर दोनशेच ठेवा, नाही भागलं तर तीनशे करा."

बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या. ठराव महिनाभर तहकूब झाला. म्हणजे मी जिंकलो तर अठरा माणसांचे दरमहा अठराशे रियाल जाणार होते. हे गणित इतकं सोपं होतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात ते आलंच नाही. डोक्यात होती ती फक्त माझी अब्रू.

घरी आल्यावर निवेदिताने नियम केले. घरभाडं आणि आमच्या मुलीची, स्मृतीची, शाळेची फी सोडून बाकी सगळं सहाशेत. कार्डं, चेकबुक तिच्या कपाटात कुलपात. कुणी काही खायला दिलं तर ते खायचं नाही, "कारण त्या माणसांना कोण पुरणपोळ्या आणून देतं?" गाडी फक्त पेट्रोल हिशेबात धरून वापरायची. या शेवटच्या नियमावर मी मनातल्या मनात हसलो. इथे पेट्रोल लिटरला पंचेचाळीस हलाला, म्हणजे अर्ध्या रियालाहूनही कमी, आणि पाण्याची बाटली एक रियालला. तहान लागण्यापेक्षा भटकणं स्वस्त. तेव्हा लांब जाऊन स्वस्तात आणायचं, हे माझं धोरण ठरलं.

रियाधच्या रिंगरोडवरून खाली उतरायच्या वाटांना नंबर आहेत, आणि इथे माणूस पत्ता सांगतो तो त्या नंबरांनीच. "मी एक्झिट नऊला राहतो," "एक्झिट पाचला नवीन हॉटेल उघडलंय" असं. मोठी भाजीमंडीही अशाच एका एक्झिटला. आमच्या घरात तिला नुसतं 'एक्झिट' म्हणतात. पहिल्या शुक्रवारी मी चाळीस किलोमीटर गाडी हाणत तिथे पोचलो आणि पोचताक्षणी नमाजाची बांग झाली. धडाधड शटरं खाली आली. अर्धा तास मी तापलेल्या गाडीत बसून घामाबरोबर किती पाणी जातंय आणि ते किती रियालांचं, याचा हिशेब केला. शटर उघडल्यावर कळलं की त्या बाजूला किलोने काही मिळतच नाही. कांदा घ्यायचा तर वीस किलोचं पोतं. टोमॅटो घ्यायचे तर पेटी.

"खलास, यल्ला!" म्हणत विक्रेत्याने पोतं माझ्या डिकीत टाकलं. मला वाटलं, फार स्वस्त पडलं. टोमॅटो तिसऱ्या दिवशी नासून सुटले. कांदा मात्र सुटेना. आम्ही कांद्याची भाजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची आमटी आणि कांद्याची कोशिंबीर खाल्ली. पाचव्या दिवशी स्मृतीने कांद्याचा वास येतो म्हणून स्वतःची वही आईकडे तपासायला द्यायचं नाकारलं. ती बारा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

आणि घोळ झाला तो या उत्तरामुळेच. दुसऱ्या शुक्रवारी मी पुन्हा मंडीत गेलेलो असताना वरच्या मजल्यावरच्या पद्मिनीताईंचा फोन आला. त्या महिनाभर भारतात होत्या, आदल्या दिवशीच परतल्या होत्या. त्यांना प्रयोगाची काहीच कल्पना नव्हती. पुढचं संभाषण मला स्मृतीनेच नंतर जसंच्या तसं सांगितलं.

"बाबा आहेत का गं?"

"नो आंटी. ही हॅज गॉन ऑन एक्झिट."

"अगंबाई! आणि आई कुठे आहे?"

"इन द किचन. शी इज क्राइंग." निवेदिता कांदा चिरत होती.

"अगं, पण हे कधी ठरलं?"

"लास्ट वीक, आंटी. नाउ वी हॅव नो मनी. बाय."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पण सौदीत राहणाऱ्या माणसाला 'एक्झिट' म्हटल्यावर रिंगरोड आठवायच्या आधी पासपोर्टावरचा शिक्का आठवतो. फायनल एक्झिट म्हणजे नोकरी संपली, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परत करा, कायमचे घरी जा. वाचताना अंगावर काटा यावा असा दुसरा शब्द इथे नाही.

आता आमच्याकडे एक रीत आहे. कुणाची नोकरी गेली तर त्याला ते तोंडावर विचारत नाहीत. ते असभ्य दिसतं. त्याऐवजी डबा घेऊन जायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि निघता निघता फ्रिज कितीला देणार ते विचारायचं. जाणारा माणूस घरातलं सगळं विकून जातो आणि उशीर केला तर चांगल्या वस्तू हातच्या जातात.

संध्याकाळी पद्मिनीताई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन हजर. माझ्याकडे त्या ज्या नजरेने बघत होत्या, तसं माझ्याकडे आजवर फक्त दातांच्या डॉक्टरने बघितलं आहे.

"कुमारराव, किती दिवस उरलेत?"

मला वाटलं, प्रयोगाचं विचारतात. "बावीस," मी ताठ मानेने म्हणालो.

"इतकेच? आणि मग पुढे?"

"पुढे बघू. तशी सवय होत चाललीय. दोन-दोन वेळा फूल खातोय." फूल म्हणजे इथे घेवड्यासारख्या बियांचं शिजवलेलं वरण, दोन रियालांत वाटीभर मिळतं आणि सोबत भली मोठी रोटी. पण पद्मिनीताई इथे नवऱ्याच्या गाडीतून फक्त मॉलला जातात, त्यांना हे ठाऊक असायचं कारण नाही. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पडदे बरोबर नेणार का हो?"

डबा निवेदिताने नियमाप्रमाणे फ्रीजरमध्ये टाकला. मी फ्रीजरच्या दाराशी बराच वेळ उभा राहिलो, हे मी इथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

दोन दिवसांत पोतंभर कांद्याच्या घरात तीन डबे, दोन केक आणि सोफ्याची मापं घेणारा एक गृहस्थ येऊन गेला. तो कोण होता ते आम्हाला अजून कळलेलं नाही. तरी एकदाचं माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी सगळ्यांना फोन लावले, की बाबांनो, माझी नोकरी शाबूत आहे, हा मंडळाचा प्रयोग आहे. तर ज्यांनी तो ठराव स्वतःच्या कानांनी ऐकला होता तेच लोक आता म्हणायला लागले, "अच्छा, म्हणजे नोकरी गेल्याचं झाकायला प्रयोग काढला होय! बिचारा. फार मानी माणूस." जितकं मी नाकारत गेलो तितका मी मानी होत गेलो.

बातमी बँकेत पोचायला आठवडा लागला. आमच्याकडे मंदूब असतो, म्हणजे सगळ्यांचे इकामे-पासपोर्ट घेऊन सरकारी खिडक्यांवर फिरणारा कारकून. तो हसतमुखाने माझ्या टेबलाशी आला आणि एक अरबी फॉर्म पुढे करून म्हणाला, "सही कर. बाकी सगळं मी भरलंय. तू चांगला माणूस आहेस, तुला थांबावं लागू नये."

"हे काय आहे?"

"तुझं फायनल एक्झिट."

मी म्हणालो, मी जात नाहीये. तो म्हणाला, मग तसं लेखी दे. मी लेखी द्यायला पर्सोनेलच्या खिडकीवर गेलो. तिथल्या साहेबाने सगळे कप्पे उघडून बघितले आणि सांगितलं, की न जाण्याचा अर्ज त्यांच्याकडे नाही. एक्झिट रद्द करायचा अर्ज आहे. पण त्यासाठी आधी एक्झिट लागतं. तेव्हा मी आधी जाण्याचा अर्ज करावा, तो मंजूर झाला की लगेच रद्दचा करावा, फार तर तीन आठवडे लागतील. मी विचारलं, मधल्या तीन आठवड्यांत मला विमानात बसवलं तर? तो गंभीरपणे म्हणाला, "तर रद्दची गरजच पडणार नाही."

दोन दिवस मी या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडलो. शेवटी मंदूबानेच तो फॉर्म माझ्या डोळ्यांदेखत फाडला. पण फाडताना त्याचा चेहरा असा होता, की आपण एका मित्राचं भलं करायला गेलो आणि त्याला त्याची किंमत नाही. दुपारी त्याने माझ्या टेबलावर खजुराचा एक डबा ठेवला आणि निघून गेला. नियमाप्रमाणे तोही फ्रीजरमध्ये गेला.

बाविसाव्या दिवशी सहाशेतले एकतीस रियाल उरले होते आणि आठ दिवस जायचे होते. 'करमणूक' रकान्यात स्मृतीच्या खोकल्याचं औषध बसलं होतं. एक्सेलमध्ये कुणाला खोकला होत नाही. हार मानायची माझी तयारी नव्हती. कुठे चुकतंय ते शोधायला हवं होतं. तेव्हा पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की ज्यांचं दोनशेत भागतंय त्यांना जाऊन बघावं.

फ्रीजरमधले डबे घेऊन मी कॅम्पवर गेलो. पत्र्याच्या लांबट खोल्या, बाहेर दोरीवर कपडे. तिथले म्होरके हुसेनमियाँ. श्रीवर्धनजवळचे, पन्नाशीचे, सुतारकामातले उस्ताद. त्यांनी मला आत बसवलं. पुरणपोळ्या बघून ते खूश होतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी डब्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "साहेब, ह्या वखताला घरातला देऊ नये."

"हुसेनमियाँ, एक विचारायचं होतं. दोनशेत तुम्ही कसं भागवता?"

खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. नंतर कळलं, की बातमी तिथेही पोचली होती.

"साहेब, तुमी नवीन," ते म्हणाले. "पयल्या म्हयन्यात सगल्यांचा असाच होता. घाबरू नका." मग त्यांनी मला शिकवलं. एकट्याने कधी शिजवायचं नाही, सहा जणांत एक भांडं ठेवायचं. मासळी दुकान बंद व्हायच्या वेळी घ्यायची. गावाहून फोन आला तर उचलायचा नाही, नुसता वाजू द्यायचा, म्हणजे पैसे पडत नाहीत. एकदा वाजला म्हणजे सगळं ठीक, दोनदा वाजला म्हणजे कुणी आजारी. "आणि साहेब, तरी पण भागत नाय. पंधरा दिवसांनी कोन ना कोन उपाशी झोपता. बारी लावलेली हाय आमी."

मी निघालो तेव्हा मागच्या सीटवर एक पिशवी होती. पाच किलो तांदूळ, सुकट आणि कागदात गुंडाळलेले नव्वद रियाल. अठरा जणांनी पाच-पाच काढले होते. मी ती परत द्यायला धावलो तर हुसेनमियाँनी दोन्ही हात मागे बांधले. "तुमची पोर ल्हान हाय," एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी पिशवी निवेदितापुढे ठेवली आणि मला रडू आलं. कांदा त्या दिवशी चिरलेला नव्हता. ती म्हणाली, "अहो, आता गुरुवारी जाऊन सरळ सांगा सगळ्यांना." मी म्हटलं, सांगतो. बोलायचं काय ते मी पाठही केलं.

पण बैठकीत मला संधीच मिळाली नाही. दौलतरावांनी या वेळी कॅम्पतर्फे हुसेनमियाँना बोलावलं होतं. ते स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी खुर्चीच्या कडेवर बसले होते. दौलतराव म्हणाले, "तर तहकूब ठराव, दोनशेचे तीनशे," आणि हुसेनमियाँ उठून उभे राहिले.

"साहेब, आमचे दोनशेच ऱ्हावूं दे," ते म्हणाले. "वाढवू नका. पन लिस्टीत एक नाव घाला. कुमारसाहेबांचा. त्यांची नोकरी गेली. ते तोंडानं सांगनार नाय, म्हनून मी सांगतो. आमी अठरा हाव, एकोनीस होऊ."

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण रियाधमध्ये नवव्या मजल्यावर ती सोय नसते. मी उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो.

"हुसेनमियाँ, माझी नोकरी आहे."

"हाय?"

"आहे. पगारही येतो, वेळेवर."

त्यांनी जरा विचार केला. "मग तुमी दोनशेत कशाला ऱ्हाता?"

"बघायला. भागतं का ते."

"मग इचारायचा होता की," ते म्हणाले. रागावले नव्हते. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "आमी सांगितला असता."

बटाटेवड्यांच्या परातीजवळ कुणीतरी खोकलं. मी विचारलं, "किती लागतात?"

"तीनशे वीस," ते तात्काळ म्हणाले. त्यांच्याकडे कागद नव्हता, लॅपटॉप नव्हता. "रमजानात साडेतीनशे."

साडेतीनशेचा ठराव मी मांडला. निवेदिताने अनुमोदन दिलं. एकही हात खाली राहिला नाही. नव्वद रियाल मी त्याच दिवशी परत केले आणि सगळं मिटलं असं समजून खाली उतरलो, तर हुसेनमियाँ मला गाडीपाशी बाजूला घेऊन उभे.

"साहेब, लोकांम्होरं बोललात ता ठीक केलात. माणसानं इज्जत सांभालावी. पन मला खरा सांगा. नोकरी हाय ना?"

पगार चालू असताना कुणी शहाणा माणूस दोनशेत राहील, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं. मी शपथ घेतली, पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी तशीच. शेवटी शनिवारी बँकेतून पगाराची पावती छापून घेतली आणि संध्याकाळी कॅम्पवर गेलो. इंग्रजी वाचता येणाऱ्या एकाने ती मोठ्याने वाचली. नाव, हुद्दा, महिना, आणि मग रक्कम. रकमेपाशी त्याचा आवाज एकदम खाली आला. पावती एकेकाच्या हातातून पुढे गेली. ज्याला वाचता येत नव्हतं त्यानेही आकड्यावरची शून्यं बोटाने मोजली. मी आयुष्यात इतका वेळ स्वतःच्या बुटांकडे कधी बघितलं नव्हतं.

हुसेनमियाँनी पावतीची नीट घडी घातली, माझ्या खिशात परत ठेवली आणि वरून थोपटलं.

"अल्लाचा शुकर," ते म्हणाले. "जीव भांड्यात पडला. चला रे सगल्यांनी, आज चाय साहेबांकडना."